हळद शिजली हे कशावरून?

नववीच्या प्रयोगवह्या तपासायला बसले की माझं डोकं तापतं. चाळीस वह्या आणि चाळीसही सारख्या. उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान. पाचही मथळ्यांखाली पट्टीनं रेघा, आकृत्या सुबक, आणि निरीक्षणाच्या जागी पुस्तकातलं वाक्य जसंच्या तसं. राग तरी कुणावर काढणार? हे मथळे फळ्यावर लिहून देणारी मीच. विज्ञान शिकवायला लागून मला पंधरा वर्षं होत आली होती आणि तोवर मी पोरांना व्यवस्थित नक्कल करायला शिकवत होते, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

ते सांगितलं एका मुलीनं, तेही मी तिच्या वहीत चूक काढल्यावर.

आमची शाळा कुरुंद्याच्या पलीकडच्या एका गावात आहे. सगळा हळदीचा भाग. फेब्रुवारी लागला की पोरांचे हात, दप्तरांच्या कडा, वह्यांचे कोपरे, सगळं पिवळं होतं. त्यामुळे हळदीच्या कागदाचा प्रयोग मी मुद्दाम त्याच दिवसांत घेते. कागदाच्या पट्ट्या हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवायच्या. मग टेबलावर सगळ्या वर्गासाठी तीन ग्लास मांडायचे, एक पट्टी लिंबाच्या रसात घालायची, एक साबणाच्या पाण्यात, एक साध्या पाण्यात. साबणात पट्टी लाल होते, बाकी दोन्हींत पिवळीच राहते. यात नवल काहीच नाही. हळदीचा डाग पडलेला सदरा धुताना लाल होतो, हे ही पोरं पाळण्यात असल्यापासून बघतात.

त्या वर्षी एकोणचाळीस वह्यांत हेच लिहिलेलं होतं. चाळिसाव्या वहीत होतं, "साध्या पाण्यात पट्टी लाल झाली. काहून झाली ते समजलं न्हाई." मी त्यावर काट मारली आणि समासात लिहिलं, "चूक. पुन्हा लिहा." वर "भाषा सुधारा" असंही लिहिलं. माझा हात अशा वेळी फार वेगानं चालतो.

वही होती बंजाऱ्यांच्या तांड्यावरून येणाऱ्या मुलीची. दीड किलोमीटर चालत यायची, तिसऱ्या बाकावर बसायची, विचारल्याशिवाय बोलायची नाही. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत ती वही छातीशी धरून माझ्यापुढे उभी राहिली.

"मॅडम, पुन्हा लिहिते. पन काय लिहू? पुस्तकातलं लिहू का झालं ते लिहू?"

"जे झालं ते लिहायचं."

"झालं तेच लिहिलं व्हतं. तुमी खोडलं."

प्रयोगाच्या वेळी मी मागच्या बाकावरची एक मारामारी सोडवत होते. साध्या पाण्याची पट्टी मी पाहिलीच नव्हती. पुस्तकात काय आहे ते मला माहीत होतं, तेवढ्यावर मी काट मारली होती. सुट्टी संपल्यावर वर्गात गेले आणि विचारलं, "काल साध्या पाण्यातली पट्टी लाल झालेली कुणी कुणी पाहिली?"

मग एक हात वर आला. मग चार आले. मग बाकांवरून हातच हात. पिवळे हात! सगळ्यांनी पाहिलं होतं. एकोणचाळीस जणांनी डोळ्यांनी लाल पाहून हातानं पिवळं लिहिलं होतं.

"मग तसं लिहिलं काहून न्हाई?" मीही त्यांच्याच भाषेत ओरडले.

एकजण म्हणाला, "मॅडम, आमाला वाटलं पट्टी चुकली."

हसावं का रडावं कळेना. पट्टी चुकली! पुस्तक बराबर, पट्टीच नालायक. पण त्या पोराला बोलून काय उपयोग? मीही तेच केलं होतं. मी वर्गासमोर सांगून टाकलं की काल मी न बघता काट मारली, चूक माझी आहे. पोरं एकमेकांकडे बघायला लागली. बाई चुकल्या असं बाईंच्याच तोंडून ऐकायची त्यांना सवय नव्हती. मग मी म्हणाले, "आता बोला. पट्टी लाल काहून झाली?"

अहो, काय सांगू! पुढचा तास कसा गेला ते मला कळलंच नाही. पाण्यात चुना असेल. पट्टी कुणी साबणाच्या हातानं धरली असेल. बोअरचं पाणीच तसलं असेल. जो बोलेल त्याला मी एकच विचारत होते, "बघायचं कसं?" पोरं हापशाचं पाणी घेऊन आली, टाकीचं आणलं, हेडसरांच्या टेबलावरच्या जारचं पळवून आणलं. सगळ्यांत पट्टी पिवळीच. मग त्याच मुलीनं कालचा ग्लास आणला, त्यात जारचं पाणी ओतलं आणि पट्टी बुडवली. लाल! ग्लास कपडे धुवायच्या पावडरीनं घासून नीट विसळलेला नव्हता. वर्गात अशी आरोळी उठली की शेजारच्या वर्गातले सर धावत आले. त्यांना वाटलं साप निघाला.

हेडसरांनी संध्याकाळी विचारलं, "चाळीस मिनिटांत अनुमान काय निघालं मग?"

"ग्लास नीट विसळायचा," मी म्हणाले. त्यांनी कपाळाला हात लावला.

घरी वसमतला जाताना स्कूटीवर माझं डोकं नुसतं भणभणत होतं, पण आनंदानं. पंधरा वर्षं मी पाच मथळे शिकवत होते आणि त्यालाच विज्ञान म्हणत होते. ते मथळे वाईट नाहीत. आपल्याला काय सापडलं ते दुसऱ्याला नीट सांगायचं असेल तर ते लागतातच. पण सापडण्याआधी जे चालतं ते त्यांत कुठेच मावत नाही. त्याची सुरुवात कुठूनही होते. तिथे माणूस मधेच मागे फिरतो, प्रश्नच बदलतो, भलत्याच ग्लासात बोट घालतो. जेवण झाल्यावर ताट वाढायची रीत समजावून सांगावी आणि त्याला स्वयंपाक म्हणावं, असं काहीतरी मी करत आले होते.

दुसऱ्या दिवशी मी नववीला सांगितलं की या वर्षाचा प्रकल्प प्रश्नाचा. प्रत्येकानं घरून एक प्रश्न आणायचा. ज्याचं उत्तर आधीच माहीत आहे तो चालणार नाही, आणि ज्याचं उत्तर पुस्तकात आहे तोही नाही. सोमवारी प्रश्न आले. म्हशी सगळ्या एकाच दिशेला तोंड करून का बसतात? शिळी भाकरी जास्त गोड का लागते? हेडसरांना आम्ही बोललेलं सगळं कसं ऐकू जातं? तो शेवटचा प्रश्न उत्तम होता, पण मी नोकरी करणारी बाई आहे.

तांड्यावरच्या मुलीनं कागदावर लिहून आणलं होतं, "हळद शिजली हे माझ्या आईला कसं कळतं?"

ज्यांनी हळद शिजताना पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. शेतातून काढलेली ओली हळद, म्हणजे मधले जाड गड्डे आणि त्यांना फुटलेली हळकुंडं, वाफेवर शिजवावी लागते. त्यासाठी शेतात चाकांवरचा कुकर आणतात. मधे पाण्याची टाकी आणि खाली जाळ, वाफेच्या नळ्या निघून चार मोठ्या ड्रमांत जातात. ड्रम हळदीनं भरायचा, वाफ सोडायची, शिजली की उलटा करून ताडपत्रीवर ओतायचा. पुढे दोन आठवडे उन्हात वाळते. कच्ची राहिली तर वाळल्यावर आतून फिकट निघते, जास्त झाली तर काळवंडते. ड्रम कधी उलटायचा हे सांगणारं माणूस मजुरांच्या प्रत्येक टोळीत एकच असतं. आमच्या भागातल्या टोळीत ते माणूस म्हणजे या मुलीची आई. ती "झाली" म्हणायची आणि मग ड्रम उलटायचा. बाकीच्या बाया टोपल्या उचलायच्या, ही ड्रमांमधून फिरायची. पंचक्रोशीत तिच्या नाकाचं नाव होतं.

"मग विचार की आईला," मी म्हणाले.

"विचारलं. याडी म्हनती, कळतं." तांड्यावर आईला याडी म्हणतात. मग तिनं खाली बघत सांगितलं, "पन आता मालकानं मोबाईलवर घंटी लावली. म्हनतो, घंटी वाजली की वतायचं. येत्या सोमवारपासून याडीनं टोपल्या उचलायच्या."

मला आता तिच्या प्रश्नातली धग कळली.

"मॅडम, तुमी विज्ञानाच्या हाव. तुमी मालकाला सांगा, याडीचं बराबर हाय म्हनून."

"मला कुठे माहीत आहे बरोबर आहे का ते?"

तिनं माझ्याकडे असं बघितलं, जणू मी फितूर झाले होते.

कुकरचा मालक तिशीचा, डिप्लोमा झालेला, स्वभावानं चांगला पोरगा. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर मी त्याच्या शेतावर गेले तर त्यानं खुर्ची दिली, चहा मागवला. "मॅडम, तुमीच समजावून सांगा मावशीला," तो म्हणाला. "आता सगळं शास्त्रीय पद्धतीनं करायचं हाय. गड्ड्यांचा टाईम वेगळा, हळकुंडांचा वेगळा, मी दोन्ही लावलेत. घंटी वाजली, ड्रम उलटला. अंदाजपंचे काम बंद."

"शास्त्रीय कशावरून?" मी विचारलं.

"म्हंजे? टाईम हाय न."

"तो टाईम कुणी ठरवला?"

तो हसला. "मावशीच म्हनायची झाली, तवा मी घड्याळ बघून ठेवलं."

आता बोला! आईच्याच अंदाजाला घड्याळ बांधून तो आईच्या हातात टोपली द्यायला निघाला होता. माझ्या नाकावर राग आलाच होता, पण लगेच दुसरं मनात आलं. त्याचं खरंही असेल. घंटी विसरत नाही, घंटीला ताप येत नाही, घंटीचं घरी भांडण होत नाही. कुणास ठाऊक! मी म्हणाले, "पुढचे आठ दिवस अर्धे ड्रम घंटीवर काढा, अर्धे मावशींच्या शब्दावर. कोणते चांगले निघतात ते माझी पोरं बघतील." तो तयार झाला. त्याला आपल्या घंटीची खात्री होती.

मुलगी तयार नव्हती. जाताना तिनं माझ्या स्कूटीचं हँडल धरलं. "आन् याडी चुकली तर? आता लोक नुसतं म्हनतात घंटी चांगली. मग तर आमीच दाखवून दिल्यावानी व्हईल."

तिचं म्हणणं खरं होतं. मी म्हणाले, "तू आईला विचार. ती नाही म्हणाली तर आपण म्हशींचा प्रश्न घेऊ."

सोमवारी ती आली ते सांगतच, "याडी म्हनली, बघा की. मी काय चोरी केली का?"

मग सुरू झाली धमाल. वर्गात भांडणं लागली, आणि ती ऐकून माझं मन भरून यायचं. आधी ठरलं काडीनं बघायचं, कारण शिजलेल्या हळदीत काडी सहज घुसते. एकानं हरकत घेतली की काडी नेहमी वरच्या गड्ड्यात घालतात, तळातला कच्चा असला तर? मग ठरलं की ताडपत्रीवर ओतल्यावर वरून, मधून आणि तळातून हळद घ्यायची, फडक्यात बांधायची, वाळवायची आणि मग फोडून बघायची. कुणी फोडायची? मुली म्हणाल्या मॅडमनी. मुलं म्हणाली मॅडम तिच्या बाजूच्या आहेत. शेवटी ठरलं, मालकानंच फोडायची, पण गाठोडं कुणाचं ते त्याला सांगायचं नाही. गाठोड्यांवर फक्त आकडे शिवायचे. कोणता आकडा घंटीचा आणि कोणता आईचा याची यादी त्या मुलीनं वहीत ठेवायची. तिच्याकडे यादी नको असं कुणीच म्हणालं नाही. यातलं काही मी शिकवलेलं नव्हतं.

पहिली खेप वाया गेली. गाठोडी आम्ही वर्गातच कपाटावर ठेवली, आणि चार दिवसांत सगळी बुरशीनं पांढरी झाली. ओली हळद बांधून सावलीत ठेवणारे आम्ही, तेही हळदीच्या गावात! पोरांच्या घरच्यांनी पोट धरून हसून घेतलं. मी फळ्यावर पाच मथळे लिहिले आणि विचारलं, "आपण आत्ता कुठे आहोत?" एकजण म्हणाला, "मॅडम, कृतीतून परत साहित्यात." दुसरा म्हणाला, "न्हाई, उद्देशाच्या बी मागं." गाठोडी सोडून आम्ही शाळेच्या गच्चीवर पत्रावळीसारखे कागद मांडले, त्यांवर आकडे लिहिले आणि ताज्या हळदीनं नव्यानं सुरुवात केली.

आणि याच दुसऱ्या फेरीत मजा झाली. मुलीनं आईच्या बाजूला पोत्यावर बसून प्रत्येक ड्रमचं लिहायला घेतलं. वाफ कधी सोडली, आई "झाली" कधी म्हणाली. आईच्या वेळा सारख्या नव्हत्याच. सकाळचा पहिला ड्रम ती बराच जास्त ठेवायची. टाकीपासून सगळ्यात लांबचा ड्रमही जास्त. दुपारच्या वेळा मात्र घंटीशी जवळजवळ जुळायच्या. विचारलं की उत्तर एकच, वासावरून कळतं.

तिसऱ्या दिवशी आईला सणकून सर्दी झाली. नाक गळत होतं, डोळे लाल. माझ्या पिशवीत निलगिरीच्या तेलाची बाटली होती. मी ती तिच्या नाकाखाली धरली. "कशाचा वास येतोय?"

"कशाचाच न्हाई."

आणि तिनं मान वळवली आणि म्हणाली, "चवथा झाला, वता."

मुलगी पोत्यावरून ताडकन उठली. "याडी! नाक बंद हाय न तुझं?"

"व्हय."

"मग वास कसा आला?"

आई थांबली. टोपल्या घेतलेल्या बायाही थांबल्या. आईनं एकदा ड्रमकडे बघितलं, एकदा लेकीकडे. तिच्या तोंडावर जे आलं ते मी आजवर कुठल्याच वर्गात पाहिलं नव्हतं. इतकी वर्षं जे नाकानं करतो म्हणत होती ते नाकाचं नव्हतंच, हे तिला त्या क्षणी कळलं आणि तिला हसू फुटलं. "अगं बया," ती म्हणाली, "मग कशानं?"

त्या बाईचं कौतुक मला याच गोष्टीचं वाटतं. तिनं वाद घातला नाही. पदर सोडून मुलीच्या हातात दिला आणि म्हणाली, "बांध डोळ्याला."

डोळे बांधून ती ड्रमांमधे उभी राहिली. मग म्हणाली, "झाली." मालक म्हणाला, "मावशी, आत्ताच तर वाफ सोडली." तिनं पदर खाली ओढला आणि लगेच म्हणाली, "न्हाई न्हाई, कुठं झाली!" त्याच वेळी मुलगी ओरडली, "बघितलं! मी बघितलं! डोळे खाली गेले तिचे!"

ड्रमच्या बुडाशी एक भोक असतं. वाफेचं थंड झालेलं पाणी तिथून गळत राहतं. आधी ते नुसतं गढूळ असतं, मग फिकट पिवळं, आणि हळद शिजली की त्याची धार गडद होते. आई वास घेत नव्हती, धारेचा रंग बघत होती. बघते आहे हे तिलाही माहीत नव्हतं. मी त्या शेतात लहान पोरीसारख्या टाळ्या पिटल्या. चपलेत चिखल, साडीला हळदीचे डाग, आणि मला वाटत होतं हिंगोली जिल्ह्यात आज माझ्याइतकी सुखी बाई दुसरी नाही.

पण मालकाला धारेशी देणंघेणं नव्हतं. "मॅडम, रंग बघा न्हाईतर वास घ्या. वाळल्यावर कळंल," तो म्हणाला. तोही बरोबरच होता. हळद वाळत होती. मुलगी रोज गच्चीवर जाऊन ती फिरवायची आणि रोज खाली येताना तिचं तोंड उतरलेलं असायचं.

टोळीचा एरवीचा रिवाज असा, की एका गावची हळद शिजवून झाली की कुकर पुढच्या गावाला जातो. बाया जीपमध्ये बसतात आणि जातात. त्या वर्षी आसपासची शेतं बरीच होती म्हणून टोळी महिन्याहून जास्त राहिली. ज्या दिवशी त्या जाणार, त्याच सकाळी आम्ही वाळलेली हळद पुन्हा आकड्यांच्या फडक्यांत बांधून शाळेच्या ओट्यावर बारा गाठोडी मांडली. सगळी नववी, मालक, आई, दोन टोपलीवाल्या बाया. हेडसरही आले, म्हणाले जरा सहज. जीप फाटकाबाहेर उभी होती.

मालकानं पहिलं गाठोडं सोडलं आणि एक हळकुंड घेऊन मोडलं. कट् असा आवाज आला. आत सगळं एकसारखं केशरी. "चांगली," तो म्हणाला. दुसरं चांगलं. तिसरं मोडलं तर आवाज भसका आला, आत मधोमध फिकट डाग. "कच्ची." पोरांनी खडूनं ओट्यावर लिहिलं. असं करत बारा झाली. चार कच्ची निघाली. मालकानं हात झटकले आणि म्हणाला, "वाचा आता."

मुलीनं वही उघडली. "तीन नंबर. घंटी. सकाळचा पैला ड्रम." पोरं ओरडली. "पाच नंबर. घंटी. लांबचा ड्रम." आणखी ओरडा. "सहा. घंटी. सकाळचा पैला." मालक कान खाजवायला लागला.

चौथा आकडा सात होता. मुलगी वहीकडे बघत राहिली. ती वाचेना. यादी फक्त तिनंच पाहिलेली होती. ती "घंटी" म्हणाली असती तर आमच्यातल्या कुणालाच कळलं नसतं. मला तिच्या पाठीवर हात ठेवावासा वाटला, पण मी हललेही नाही. शिकवायचं होतं ते शिकवून झालं होतं, आता माझं काम नव्हतं.

"सात नंबर," ती म्हणाली. "याडी."

कुणीच ओरडलं नाही. मालकानं मान वर केली. आई ओट्याजवळ आली, सात नंबरच्या गाठोड्यातलं एक हळकुंड घेतलं, मोडलं, उजेडात धरलं. "कच्ची हाय," ती म्हणाली. "म्या म्हनलेली कच्ची हाय." मग लेकीला विचारलं, "कंचा ड्रम?"

"शेवटचा. दिवस मावळल्यावरचा."

मागच्या बाकावरचा तो मारामारी करणारा पोरगा ओरडला, "मॅडम! अंधार! धार दिसली नसंल!"

काय सांगू मला काय झालं! वर्ग उड्या मारत होता, हेडसर चष्मा काढून पुसत होते. मालक उठला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "घंटी ऱ्हाऊ द्या. पन वाजली तरी मावशीनं म्हनल्याबिगर ड्रम उलटायचा न्हाई. आन् दिवस मावळायच्या आत कुकर बंद." मुलगी माझ्या कमरेला मिठी मारून रडत होती आणि हसत होती.

आईचं मात्र तिकडे लक्ष नव्हतं. तिला काम राहिल्याचा आनंद झाला असेलच, पण ती सात नंबरचेच तुकडे उलटेसुलटे करून बघत होती. "रोजच्याला एक ड्रम मावळतीचा असतो," ती हळूच म्हणाली, मला नाही, हातातल्या तुकड्याला. मग माझ्याकडे वळली. "मॅडम, एवढी वर्सं म्या झाली म्हनून राहिले. आमी शिजवतो आन् जातो. वाळल्यावर कशी निघाली, ते आजवर कुनी मला दाखवलं न्हाई."

बाहेर जीपचा हॉर्न वाजला. टोपलीवाल्या बाया उठल्या आणि फाटकाकडे निघाल्या. ती ओट्यावर मांडी घालून बसली, एक नंबरचं गाठोडं पुढ्यात ओढलं आणि एकेक हळकुंड मोडून आतून बघायला लागली. हॉर्न पुन्हा वाजला, लांबलचक.

"थांबा म्हनावं," ती वर न बघता म्हणाली. "आजून अकरा ऱ्हायलेत."